दोन आठवडे दडलेलं विष

पोलंडमधल्या पोझ्नान शहराच्या पूर्वेला, वार्ता नदीच्या काठी कोनिन नावाचं गाव आहे. 1952 साली त्या परिसरातली माणसं एका विचित्र दुखण्याने आजारी पडू लागली. सुरुवात तहानेने व्हायची. तोंडाला कोरड पडायची, ओठ सुकायचे आणि कितीही पाणी प्यायलं तरी तहान भागायची नाही. पाठोपाठ डोकेदुखी, मळमळ, उलट्या. पोट साफ व्हायचं नाही. हुडहुडी भरायची, पण अंगात ताप नसायचा. मग कमरेत दोन्ही बाजूंना दुखू लागायचं. आधी लघवी भरपूर व्हायची, नंतर कमी कमी होत जायची आणि काहींची तर पूर्ण थांबायची. लघवी थांबली की शरीरातलं टाकाऊ द्रव्य रक्तात साठत जातं, माणूस गुंगीत जातो आणि त्या काळी तिथून परत आणण्याचं साधन त्या भागातल्या कुठल्याही इस्पितळात नव्हतं. एकूण 102 माणसं आजारी पडली. त्यांतली 11 दगावली.

मूत्रपिंडं निकामी होत होती, एवढं स्पष्ट होतं. पण कशाने? माणसाची मूत्रपिंडं एकाएकी का बंद पडतात याची काही कारणं तेव्हाच्या वैद्यकाला ठाऊक होती: जबर रक्तस्राव, पाऱ्यासारखी धातूची विषं, काही संसर्ग. इथे विषबाधेची शंका घ्यावी तर आदल्या दिवशी, त्याच्या आदल्या दिवशी रुग्णांनी चारचौघांसारखंच जेवण घेतलेलं होतं. एकाच घरातली माणसंदेखील एकाच दिवशी आजारी पडत नव्हती. कुणाला आज त्रास सुरू झाला, तर कुणाला आठवड्याने. अशा आजाराचा माग काढताना माणूस सहजच चुकीच्या दिशेने जातो, कारण विषबाधा म्हटली की सगळ्यांनी एका पंगतीत खाल्लं आणि सगळे एका रात्रीत आडवे झाले, असंच चित्र डोळ्यांसमोर येतं.

दोष अळंबीचा होता, हे पुढे कळलं. पण अळंबीच्या विषाबद्दल तेव्हाची समजूतही काळाच्याच हिशेबावर उभी होती. खाल्ल्यानंतर अर्ध्या-एक तासात किंवा दोन-तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू झाले तर बहुधा जीव वाचतो. सहा तासांनंतर, दहा-बारा तासांनंतर किंवा दुसऱ्या दिवशी सुरू झाले तर धोका मोठा, हे युरोपातल्या डॉक्टरांना माहीत होतं. उशिरा लक्षणं दाखवून यकृत नासवणारी ‘अमॅनिटा फॅलॉइडीस’ ही हिरवट टोपीची अळंबी युरोपात सर्वांत अधिक बळी घेणारी म्हणून कुप्रसिद्ध होती. तिच्यातलं फॅलॉइडिन हे द्रव्य जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी 1937 मध्ये वेगळंही केलं होतं. तिचा अवधी साधारण सहा ते चोवीस तासांचा. त्यापलीकडे, तीन दिवसांनी, दहा दिवसांनी, दोन आठवड्यांनी मारणारी अळंबी असू शकते, हे कोणत्याही वैद्यकीय पुस्तकात नव्हतं. त्यामुळे रुग्ण इस्पितळात येईपर्यंत त्याने खाल्लेली अळंबी त्याच्या स्वतःच्याच आठवणीतून गेलेली असायची.

आणि पोलंडमध्ये अळंबी आठवणीतून जाणं अगदी साहजिक होतं. तिथे अळंबी गोळा करायला जंगलात जाणं हा दर शरद ऋतूतला घरोघरचा कार्यक्रम. आजी-आजोबा, मुलं, नातवंडं टोपल्या घेऊन पहाटे निघतात. आदाम मित्स्किएविच या त्यांच्या महाकवीने 1834 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘पान तादेऊश’ या काव्यात अळंबी वेचण्याचा एक पूर्ण प्रसंग आहे आणि तो तिकडच्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. नाताळच्या आदल्या संध्याकाळच्या जेवणात बिटाच्या सारात वाळवलेल्या अळंबीचं सारण भरलेले छोटे कानवले पडायलाच हवेत, अशी तिथली रीत. ज्या घरात अळंबी आठवड्यातून तीनदा शिजते, तिथे पंधरा दिवसांपूर्वीच्या एका जेवणातल्या अळंबीवर कोण संशय घेणार?

त्यात काळही टंचाईचा होता. कोनिनचा सगळा प्रदेश 1939 मध्ये नाझी जर्मनीने स्वतःला जोडून घेतला होता. लाखो माणसं हुसकली गेली होती. युद्ध संपून सातच वर्षं झाली होती. 1951 च्या उन्हाळ्यापासून मांस आणि चरबी पुन्हा रेशनकार्डावर गेली होती आणि 1952 चं संपूर्ण वर्ष तशीच राहिली. जंगल मात्र फुकट होतं. अशा दिवसांत टोपलीतली एखादी अनोळखी टोपी फेकून देण्याआधी माणूस दोनदा विचार करतो. कोनिनच्या लोकांवर अडाणीपणाचा ठपका ठेवणं मला पटत नाही. ज्या अळंबीने त्यांना मारलं तिला त्या काळी शास्त्रज्ञदेखील विषारी म्हणत नव्हते.

या कोड्याचं उत्तर शोधणाऱ्या पोलिश संशोधकाचं नाव स्तानिस्वाव ग्झिमावा. अळंबीच्या अभ्यासकांच्या बाहेर आज हे नाव फारसं कुणी घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आजारी माणसांमधला समान धागा सापडायचा तर कालच्या जेवणाची चौकशी करून भागणार नव्हतं. मागचे दोन-तीन आठवडे उलगडावे लागणार होते. ते उलगडल्यावर जे हाती आलं ते असं: या सगळ्यांनी जंगलातली एकाच प्रकारची, गंजाच्या रंगाची अळंबी खाल्ली होती. ग्झिमावा यांनी तिची जात निश्चित केली. ती होती ‘कॉर्टिनेरियस ओरेलॅनस’.

ही जात काही नवी नव्हती. आधुनिक अळंबीशास्त्राचा पाया घालणारे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ एलियास फ्रीस यांनी 1838 मध्येच तिचं शास्त्रीय वर्णन करून तिला हे नाव दिलेलं होतं. म्हणजे शंभराहून अधिक वर्षं ती पुस्तकांत नोंदलेली होती, संग्रहालयांत तिचे वाळलेले नमुने होते आणि तरीही ती माणूस मारते हे कुणाला ठाऊक नव्हतं. ज्या कुळातली ती, त्यातल्या काही जाती तर लोक आवडीने खात. प्राणघातक अशी एकही जात त्या कुळात असल्याचं तोवर समोर आलेलं नव्हतं.

ती दिसते कशी, हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा तिथेच होतो. टोपी तीन ते आठ-नऊ सेंटिमीटर रुंद, नारिंगी-तपकिरी ते गंजासारखी लालसर, वरून किंचित लवदार आणि बारीक खवल्यांची. कोवळेपणी घुमटासारखी, पुढे पसरट होत जाणारी, मधे हलकासा उंचवटा. टोपीखालच्या उभ्या पात्या जाड, एकमेकींपासून अंतर राखून असलेल्या आणि त्याच गंजाच्या रंगाच्या. देठ पिवळसर सोनेरी, त्यावर तांबूस रेषा. मांस पिवळट, वासाला किंचित मुळ्यासारखं. कोवळ्या टोपीच्या कडेपासून देठापर्यंत कोळ्याच्या जाळ्यासारखे अगदी तलम धागे ताणलेले असतात. हा पडदा संपूर्ण कुळाचीच खूण आहे. पण टोपी उघडली की तो तुटतो आणि देठावर एखादी पुसट रेघ सोडून नाहीसा होतो. पिकलेली अळंबी पांढऱ्या कागदावर रात्रभर उपडी ठेवली तर सकाळी कागदावर गंजाच्या रंगाचे बीजाणू पडलेले दिसतात. ओक आणि बीचसारख्या रुंद पानांच्या झाडांच्या मुळांशी तिची जोडी असते, त्यामुळे ती त्याच झाडांखाली उगवते.

नवख्या माणसाला ती शांतरेल या पिवळ्याधमक खाद्य अळंबीसारखी वाटू शकते, जुन्या जाणत्याला मधाच्या रंगाच्या एखाद्या खाण्याजोग्या जातीसारखी. तिच्या कुळात युरोपात शेकडो जाती आहेत आणि त्यांतल्या कित्येक तपकिरी, गंजाळ, एकमेकींसारख्या. एकीला दुसरीपासून वेगळं ओळखायला तज्ज्ञालाही सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू पाहावे लागतात. चांदीचा चमचा काळा पडतो का, सोबत उकळलेला कांदा रंग बदलतो का, गोगलगाईने कुरतडलंय का, या लोकांमध्ये चालत आलेल्या कसोट्या इथे सगळ्याच फोल. चव सौम्य. शिजवून, वाळवून, पाणी फेकून विष जात नाही.

ग्झिमावा यांनी आपलं निदान 1957 मध्ये एका जर्मन अळंबीविषयक नियतकालिकात मांडलं. कम्युनिस्ट पूर्व युरोप आणि पश्चिम युरोप यांच्या मधोमध तेव्हा पोलादी पडदा होता आणि पोलंडमधली बातमी पश्चिमेकडच्या अळंबीवेड्यांपर्यंत पोहोचवायची तर ती त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच नियतकालिकात छापून येणं गरजेचं होतं. पुढे 1962 मध्ये त्यांनी या अळंबीतून विषारी द्रव्य वेगळं काढल्याचं आणि त्याने अवयवांवर होणाऱ्या परिणामांचं वर्णन फ्रान्समधल्या अळंबीशास्त्र परिषदेच्या पत्रिकेत फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केलं. द्रव्याला नाव दिलं ओरेलॅनिन.

त्यांच्या निरीक्षणांतला एक भाग आजही डॉक्टर वापरतात. खाल्ल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा अवधी जितका कमी, तितकी विषबाधा गंभीर. दोन-तीन दिवसांतच त्रास सुरू झाला तर मूत्रपिंडांची हानी मोठी. दहा दिवसांनंतर सुरू झाला तर रुग्ण सावरण्याची शक्यता बरी. कोनिनमध्ये एकाच घरातली माणसं वेगवेगळ्या दिवशी का आजारी पडत होती, याचा उलगडा यात आहे. ज्याच्या ताटात जास्त पडलं तो आधी पडला. शिवाय सारखंच खाऊनही सगळ्यांना सारखंच बाधत नाही, हेही पुढे दिसून आलं.

ओरेलॅनिन मूत्रपिंडातल्या बारीक नलिकांच्या पेशींना मारतं. बाकी शरीराला ते जवळजवळ हातही लावत नाही. रुग्ण तहानेने कासावीस होऊन दवाखान्यात पोहोचतो तोवर ते रक्तातून आणि लघवीतून नाहीसं झालेलं असतं, म्हणून रक्ततपासणीत पुरावा सापडत नाही. मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासला तरच सापडू शकतो. या द्रव्याची रासायनिक रचना उलगडण्याचं काम पोझ्नानमधल्याच रसायनशास्त्रज्ञांनी केलं. अंतकोवियाक आणि गेसनर यांनी 1979 मध्ये ती मांडली. आपल्या शेतकऱ्यांना परिचित असलेल्या पॅराक्वाट आणि डायक्वाट या तणनाशकांच्या रेणूंशी तिचं साम्य आहे.

पोझ्नानचं नाव या हकीकतीत आणखी एकदा येतं. नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी कृत्रिम मूत्रपिंड 1943 मध्ये, जर्मन ताब्यातल्या गावात बसून तयार केलं होतं. पोलंडमध्ये पहिलं डायलिसिस झालं ते पोझ्नानमध्ये, 1958 साली. कोनिनच्या मृत्यूंनंतर सहा वर्षांनी. 1952 मध्ये ते यंत्र तिथे असतं तर 11 पैकी काहीजण तरी वाचले असते, असं मला वाटतं, कारण मूत्रपिंडं काही आठवड्यांनी पुन्हा काम करू लागलेले रुग्णही या विषबाधेत असतात. त्यांना तेवढे आठवडे काढून द्यावे लागतात.

ग्झिमावा यांनी सांगितलेलं सगळीकडे पोहोचलं, पण वेळ लागला. 1979 मध्ये स्कॉटलंडच्या उत्तर भागात तंबू ठोकून सुट्टी घालवणाऱ्या तिघांनी पाइन-स्प्रूसच्या जंगलातली अळंबी शिजवून खाल्ली. ती ओरेलॅनसची सख्खी बहीण होती: मधे टोकदार उंचवटा असलेली, देठावर नागमोडी पिवळे पट्टे असलेली, सूचिपर्णी झाडांखाली वाढणारी. विष तेच. तिघांपैकी दोघांना पुढे दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवावं लागलं. हा वृत्तांत पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि त्याच्या लेखकांत डॉक्टरांसोबत एडिंबरोच्या वनस्पती उद्यानातले अळंबीतज्ज्ञ रॉय वॉटलिंगही होते. इस्पितळ आणि वनस्पती उद्यान यांनी एकत्र बसून निदान करण्याची ही पद्धत मला फार मोलाची वाटते. डॉक्टर मूत्रपिंड ओळखतो, अळंबी ओळखणारा माणूस वेगळा असतो.

त्यानंतर फ्रान्समध्ये 26 तरुणांनी ओरेलॅनस घातलेलं सूप प्यायलं. दहा-बारा दिवसांनी त्यांतल्या बाराजणांची मूत्रपिंडं बंद पडली आणि आठजणांना डायलिसिसवर ठेवावं लागलं. बाकीचे, त्याच भांड्यातलं खाऊनही, तेवढे आजारी पडले नाहीत.

2008 मध्ये तर याच विषाची बातमी जगभरच्या वर्तमानपत्रांत आली. ‘द हॉर्स व्हिस्परर’ या कादंबरीचे लेखक निकोलस एव्हान्स स्कॉटलंडमध्ये नातेवाइकांकडे गेले होते. जंगलातून आणलेली अळंबी लोण्यात परतून चौघांनी खाल्ली. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने नीट पाहून घेतलं असेल. एव्हान्स, त्यांची पत्नी आणि मेव्हणे यांची मूत्रपिंडं निकामी झाली. तीन वर्षं डायलिसिसवर काढल्यानंतर 2011 मध्ये एव्हान्स यांना त्यांच्या मुलीने आपलं एक मूत्रपिंड दिलं. 2022 मध्ये ते गेले. एव्हान्स यांनी नंतर ही हकीकत जाहीरपणे पुन्हा पुन्हा सांगितली, मूत्रपिंडदानाच्या प्रचारासाठी काम केलं. ब्रिटनमध्ये अशा अळंबीचं नाव सामान्य माणसाला कळलं ते मुख्यतः त्यांच्यामुळे.

अलीकडे या विषाला एक वेगळी बाजूही मिळाली आहे. ओरेलॅनिन मूत्रपिंडाच्या पेशींनाच निवडून मारतं, तर मूत्रपिंडातून निघून शरीरात इतरत्र पसरलेल्या कर्करोगाच्या पेशींनाही ते मारेल का, असा प्रश्न स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी घेतला. ज्या रुग्णांची मूत्रपिंडं आधीच गेलेली आहेत आणि जे डायलिसिसवरच आहेत, त्यांना गमावण्यासारखं मूत्रपिंड उरलेलंच नसतं. अशा रुग्णांवर या औषधाच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत. यश येईल की नाही ते पुढे दिसेल, पण प्रश्न ज्याने विचारला त्याचं कौतुक वाटतं.

आपल्याकडे पावसाळ्यात कोकणात आणि गोव्यात वारुळांवर उगवणारी अळंबी लोक पिढ्यान्‌पिढ्या खात आले आहेत. गोव्यात तिला ओळमी म्हणतात आणि तिचा मोसम आला की बाजारात पानांत बांधलेल्या वाट्यांना चांगला भाव मिळतो. तिची ओळख रूपाइतकीच जागेवर अवलंबून असते: कोणतं वारूळ, कोणत्या नक्षत्रात. ओरेलॅनसला लागणारी ओक-बीचची जंगलं सह्याद्रीत नाहीत, म्हणून कोकणातल्या माणसाने तिच्या भीतीने ओळमी सोडण्याचं कारण नाही. पण जर्मनी, पोलंड, ब्रिटन, स्वीडन इथे शिकायला किंवा नोकरीला गेलेली मराठी मुलं-मुली आता तिथल्या मित्रांबरोबर शरद ऋतूत टोपली घेऊन जंगलात जाऊ लागली आहेत. त्यांच्यासाठी हा मजकूर विशेष करून लिहिला आहे. आपल्या गावची जाण त्या जंगलात उपयोगी पडत नाही. तिथली झाडं वेगळी, तिथल्या अळंब्या वेगळ्या.

पोलंडमध्ये सरकारी आरोग्य-निरीक्षण केंद्रांत प्रशिक्षित अळंबीतज्ज्ञ असतात आणि लोकांनी वेचून आणलेली टोपली ते फुकट तपासून देतात. जर्मनीतही असे सल्लागार बहुतेक मोठ्या शहरांत भेटतात. त्यांच्याकडे जा. कोणतीही अळंबी देठाच्या बुंध्यासकट उपटा, कापून आणू नका, कारण ओळखीच्या खुणा अनेकदा बुंध्यातच असतात. गंजाच्या रंगाची, देठावर जाळ्याचे धागे किंवा त्यांची पुसट रेघ असलेली अळंबी जंगलातच राहू द्या, ती खाण्याजोगी आहे असं कुणी कितीही ठासून सांगितलं तरी. जंगलातली अळंबी खाणारच असाल तर प्रत्येक जातीची एक न शिजवलेली टोपी कागदात गुंडाळून, वाळवून निदान तीन आठवडे जपून ठेवा. आणि त्या तीन आठवड्यांत कधीही न भागणारी तहान लागली, कमरेत दुखू लागलं, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता ती पुडी त्यांच्यासमोर ठेवा. ओरेलॅनिनवर उतारा अजूनही सापडलेला नाही.